इथे 'परत आलात' म्हणायची पद्धत आहे

१२ फेब्रुवारी, दुपारी, बोटीवर

बोट सुटली. मला अजून उलटी झालेली नाही. शेजारच्याला झाली. त्याला धीर दिला, लिंबू दिलं, लांब बसलो.

पाच दिवस रजा. साहेब म्हणाले, पंधरा घ्या. माझ्याशिवाय नव्या भरतीला ग्राहकाशी बोलायला कोण शिकवणार, हे ठाऊक असूनही म्हणाले. मोठ्या मनाचा माणूस.

संकल्प: पहाटे उठणे. पोहणे. बेट पायी पालथं घालणे. मुख्य म्हणजे स्थानिकांशी मैत्री. लोक बेटावर जातात आणि समुद्राचे फोटो काढून येतात. मी माणसं जोडून येणार. हातखंडा आहे आपला.

शिवाय जाता जाता दादाचं काम. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. या बेटावर लाँचची इंजिनं दुरुस्त करतो. दोन पावसाळ्यांपूर्वी वादळात एक लाँच घेऊन बाहेर गेला, ती लाँच परत आली नाही. सोबतचा जोडीदार पोहत आला. म्हणाला, अंधार होता, काही दिसलं नाही. पुढे कोणाला काहीच सापडलं नाही. सापडलं नाही म्हणजे माणूस नाही, असं थोडंच आहे? दादा पट्टीचा पोहणारा आहे. आजूबाजूला बेटं काय कमी आहेत? बसला असेल कुठेतरी इंजिन उघडून. हातात पाना आला की त्याला तहानभूक राहत नाही.

पण आईचा जीव टांगणीला. परवा म्हणाली, तू स्वतः जा, विचार, आणि आहे की नाही ते मला एका शब्दात सांग. मी प्रॅक्टिकल माणूस. मला स्वतःला काही विचारायची गरज वाटत नाही. पण आईसाठी करायलाच हवं. अर्ध्या दिवसाचं काम.

ता. क. उलटी झाली.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

काय माणसं आहेत! काय माणसं आहेत!

धक्क्यावर एक जण दोरी झेलायला उभा होता. मला पाहिलं आणि त्याच्या हातातली दोरी पाण्यात पडली. जवळ आला. आधी माझ्या पायांकडे बघितलं, बराच वेळ. मग तोंडाकडे. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, परत आलात? मी हसून म्हटलं, आलो बुवा एकदाचा! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बॅग उचलली आणि लॉजपर्यंत चकार शब्द न काढता चालला. माझ्या पुढे नाही, बरोबर नाही, दहा पावलं मागे. याला म्हणतात अदब.

वाटेत कलिंगडवाली भेटली. परत आलात? बर्फाच्या कारखान्याचा वॉचमन. परत आलात? एक म्हातारा दारात बसून जाळं विणत होता, तो उभा राहिला आणि तेच म्हणाला.

तेव्हा लक्षात आलं. इथली पद्धत आहे ही. आपण पाहुण्याला 'या' म्हणतो, हे 'परत आलात' म्हणतात. किती सुंदर कल्पना! पाहुणा नवा नाहीच, आपलाच होता, मध्यंतरी जरा बाहेर गेला होता, असं धरून चालायचं. पुढच्या ट्रेनिंगमध्ये वापरणार.

सगळ्यांनी नव्या सँडलची दखल घेतली. एकही माणूस पायांकडे पाहिल्याशिवाय बोलला नाही. बायको या सँडलना बदकं म्हणते. तिला कळवायला हवं.

लॉजचा मॅनेजर तेवढा रुक्ष. परत आलात नाही, काही नाही. सरळ विचारलं, खोली पंख्याची की एसीची? गेल्या महिन्यातच बाहेरगावाहून आलाय म्हणे. बरोबर आहे.

आईला फोन केला. सुखरूप पोचलो म्हटलं. ती म्हणाली, विचारलंस का? म्हटलं, आई, आल्या आल्या काय विचारायचं? आधी वातावरण तयार करावं लागतं.

१३ फेब्रुवारी, सकाळ

पहाटे उठलो नाही. प्रवासाचा शीण.

दार उघडलं तर उंबऱ्यावर भेटी! एक स्क्रूड्रायव्हर, एक टॉर्च, एक काळी छत्री (काडी मोडलेली), एक पक्कड. सगळं पुसून, ओळीत मांडून ठेवलेलं. कोणी ठेवलं, पत्ता नाही. वस्तू वापरलेल्या आहेत, पण भावना पाहायची. न्यायचं कसं, हा प्रश्न.

दाढी करायला गेलो. न्हाव्याने परत आलात म्हटलं, आरसा उलटा करून भिंतीला टेकवला आणि न विचारता केसही कापले. कात्री दोनदा त्याच्या हातून पडली. वय झालंय, दुसरं काय. मधोमध विचारलं, बघायला मिळेल का कसं दिसतंय? म्हणाला, तुम्ही नका बघू आरशात, उगाच कशाला. मी म्हटलं, तुमच्यावर विश्वास आहे. विश्वास टाकला की माणूस आपला होतो, हे मी नेहमी शिकवतो.

हात लावून पाहिलं. मागून फार बारीक कापलेत, कानावर झुलपं ठेवलीत. इथली फॅशन असणार.

१३ फेब्रुवारी, दुपार

चहाच्या टपरीवर एक बाई असते. पन्नाशीची, अंगाने बारीक. तिने परत आलात म्हटलं नाही. मला बघून खाली बसली. मग उठली, वरच्या फळीवरून एक निराळा जाड ग्लास काढला, धुतला, कडक चहा केला, बिनसाखरेचा. मी तीन चमचे घेतो. पण यजमानाच्या हातचं बिनसाखरेचंही गोड मानावं. कडू होता. प्यायलो.

ती पलीकडच्या बाकावर बसून राहिली. शेवटी म्हणाली, एक विचारू? तिकडे थंडी वाजते का?

म्हटलं, आता या दिवसांत वाजते थोडी. पण सवय होते.

तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, एकटं वाटत असेल. म्हटलं, छे हो, गर्दी असते चिक्कार! आमच्याकडे एवढी माणसं येतात रोज की बसायला जागा नसते. ती माझ्याकडे बघतच राहिली. आमच्या ऑफिसबद्दल इतक्या आस्थेने आजवर कोणी विचारलं नव्हतं.

दादाबद्दल विचारणार होतो. अगदी ओठांवर आलं होतं. पण बाई आधीच हळवी झाली होती, त्यात आणखी कशाला? उद्या.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ

खोलीच्या खिडकीबाहेर माणसं येऊन उभी राहतात. पाच-सहा जण, ओळीने, कुंपणाशी. बोलत नाहीत. हात केला की पांगतात. पुन्हा येतात. लाजाळू आहेत.

खरं सांगायचं तर पडदा ओढून घेतला. प्रेमाचंही दडपण येतं.

आईचा फोन. विचारलंस का? म्हटलं, खूप ओळखी झाल्यात. ती म्हणाली, मी ओळखींचं विचारलं नाही. आई अलीकडे तुटक बोलते. चिंतेने होतं तसं.

१४ फेब्रुवारी, दुपार

पोहायला गेलो. गुडघाभर पाण्यात उतरलो तोच मागून आरडाओरडा. चार-पाच माणसं धावत आली, पाण्यात शिरली नाहीत, काठावरूनच हात जोडून म्हणाली, नका जाऊ आत, एकदा झालं ना, आता बास. मी म्हटलं, मला पोहता येतं. तर एक जण म्हणाला, ते माहीत आहे आम्हाला. कसं माहीत? पाहूनच ओळखलं असणार. बाहेर आलो. त्यांना बरं वाटलं. मलाही, कारण पाणी गार होतं.

होडीतून बेटाला चक्कर मारायची होती. एकही होडीवाला तयार नाही. पाहुण्याचा जीव इतका जपतात की पाहुण्याला काही करताच येत नाही.

शिंपी दुकानातून धावत आला, हातात शर्ट. निळा, अर्ध्या बाह्यांचा. म्हणाला, तुमचा शर्ट, तेव्हापासून तयारच आहे, एकदा न्या म्हणजे मी सुटलो. माप न घेता शिवलेला शर्ट, आणि खांद्यापासून पोटापर्यंत तंतोतंत! नजरेने माप घेणारे कारागीर असतात असं ऐकून होतो.

घातला. अंगाला बरा वाटतो. पण का कोण जाणे, तो घातल्यापासून मधूनच पाठीवरून काटा सरकतो. कापड नवीन आहे.

आज मात्र दादाचं काम उरकायचंच. जोडीदाराचं वर्कशॉप धक्क्याच्या मागे आहे असं कळलं. संध्याकाळी जाणार. आधी मैत्री, मग प्रश्न.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ

प्रकरण थोडं बिघडलं.

वर्कशॉपमध्ये तो एकटाच होता. इंजिनवर वाकलेला, पाठ माझ्याकडे. धिप्पाड माणूस. मी ठरवलं, आपण त्यांच्याच पद्धतीने सुरुवात करायची. पाहुणा यजमानाची भाषा बोलला की निम्मं काम होतं. चपला न वाजवता मागे गेलो, खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या प्रेमाने म्हटलं, परत आलात!

तो वळला. पाना खाली पडला. असा चेहरा मी आयुष्यात पाहिलेला नाही. पांढराफटक. मागे सरत सरत भिंतीला टेकला आणि खाली बसला. मी हसतच होतो. माझं हसणं बघून तो आणखी आक्रसला. म्हणाला, मी सोडला नाही. सुटला. शपथ घेतो, मी सोडला नाही, सुटला.

म्हटलं, अहो, पाना सुटला त्याचं एवढं काय? उचलून त्याच्या हातात द्यायला गेलो तर तो हात मागे घेऊन ओरडला. शेजारची माणसं दारात जमली. कोणी आत येईना. मी काढता पाय घेतला.

कामाचा ताण असणार. एकटा पडलाय, दादा नाही मदतीला. म्हणजे सध्या नाही.

आईचा फोन वाजत होता. हात ओले होते म्हणून घेतला नाही.

१५ फेब्रुवारी, सकाळ

उंबऱ्यावर आज काही नाही.

रस्त्यावर चिटपाखरू नाही. कलिंगडवालीने मला लांबून पाहिलं आणि टोपली तशीच टाकून घरात गेली. न्हाव्याचं दुकान बंद. शिंप्याचं बंद. दोरीवाला धक्क्यावर होता, त्याला म्हटलं, परत आलात! तर तो पळाला. चक्क पळाला.

कुठे चुकलं? ट्रेनिंगमधले सगळे मुद्दे पुन्हा तपासले. हसरा चेहरा, होता. आपलेपणाचा स्पर्श, होता. त्यांचीच भाषा, होती.

१५ फेब्रुवारी, दुपार

खोलीतल्या बाथरूममध्ये आरसा आहे. दोन दिवस नीट पाहिलं नव्हतं, दिवा गेलेला होता. मॅनेजरने आज बल्ब बदलला.

मागून बारीक केस, कानावर झुलपं, निळा शर्ट. आरशात दादा उभा होता.

मी बाजूला झालो. तोही झाला. दिवा मालवला आणि पलंगावर येऊन बसलो. दुपारचं लख्ख ऊन बाहेर, आणि माझे दात वाजत होते. शर्ट काढावा म्हटलं तर बटणं निघेनात, बोटंच चालत नव्हती.

दोरी, पाय, छत्री, गार पाणी. थंडी वाजते का. सगळं आपोआप जुळत गेलं, मी नको म्हणत असतानाही. मी काय काय उत्तरं दिली त्या बाईला! गर्दी असते म्हटलं. बसायला जागा नसते म्हटलं.

चार दिवस या गावाने ज्या माणसावर एवढा जीव टाकला, तो मी नव्हतोच.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ

चहावाली आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, खरं सांगा, तुम्ही कोण?

म्हटलं, मी धाकटा.

ती आत आली, माझं मनगट धरलं, चाचपलं. गरम आहे म्हणाली आणि तिथेच जमिनीवर बसून रडली. मला वाटलं, सुटल्यासारखी रडेल. तसं नव्हतं ते. भूत तर भूत, पण आला होता, असं वाटत होतं तिला. आता तेही गेलं. तिनेच सांगितलं की पाय उलटे आहेत का ते बघत होते सगळे. सुलटे निघाले म्हणून धीर करून बोलले. दादाकडून उसन्या नेलेल्या वस्तू रातोरात आणून ठेवल्या, न जाणो त्यासाठीच आला असेल.

म्हणाली, तुमच्याबद्दल बोलायचे ते. धाकटा फार बोलतो, म्हणायचे. तो सुरू झाला की मी इंजिन सुरू करतो. आणि मग हसायचे. म्हणायचे, पण घरात तो नसला की घर मुकं वाटतं.

हे दादाने मला कधी सांगितलं नाही.

मग तिच्या मागून जोडीदार आला. दार भरून उभा राहिला, बसला नाही. त्याला मी विचारायची गरजच पडली नाही. कालपासून त्याच्या पोटात मावत नव्हतं. लाँच उलटली. तो पालथ्या लाँचवर चढला, दादा पाण्यात. हात धरलेला होता. मोठी लाट आली, हात सुटला. मग दिसला नाही असं नाही, दिसला. एकदा वर आला, बुडाला. मग नाही आला. उजाडेपर्यंत जोडीदार तिथेच हाका मारत होता.

म्हणाला, काठावर आलो तर ही पुढे उभी. तोंडातून नाही हा शब्द निघेना. अंधारात दिसलं नाही म्हणालो. मग सगळं गाव वाट बघायला लागलं. मग तर सांगताच येईना.

चहावाली त्याच्याकडे बघत नव्हती. म्हणाली, सांगायचं होतंस रे. आणि त्याचा हात हातात घेतला. त्या दोघांमध्ये मी नवा शर्ट घालून उभा. मला एक शब्द सुचला नाही. बावीस वर्षं मी लोकांना बोलायला शिकवतोय.

१६ फेब्रुवारी, सकाळ

गावभर झालं असणार. आज सगळे नीट बोलले. कधी आलात, कुठे उतरलात, जेवणाची सोय बरी आहे ना. पाहुण्याशी बोलतात तसं. कोणी मागे चाललं नाही, कोणाचा आवाज कापला नाही. न्हावी म्हणाला, सरळ करून देतो केस. म्हटलं, राहू दे.

दादाची खोली पाहिली, वर्कशॉपच्या मागे. एक खाट, रेडिओ, खुंटीवर पँट, खिडकीत अर्धी साबणाची वडी. दोन वर्षं चहावाली रोज केर काढते. मी खाटेवर बसलो. खोली इतकी स्वच्छ होती की आत्ता कोणी बाहेर गेलंय असं वाटावं, आणि तरी कोणी नव्हतं. कोपऱ्यात नाही, दाराआड नाही, कुठेच नाही. चार दिवस त्याचं भूत माझ्या अंगावर होतं, ते चाललं असतं मला. ही खोली नको होती.

काही उचललं नाही. चहावालीला म्हटलं, असू दे सगळं तुमच्याकडे.

आईला सांगायचं आहे. तयारी केली. वाईट बातमी कशी द्यावी यावर माझं पाऊण तासाचं लेक्चरच आहे. आधी हवापाणी. मग तब्येत. मग विषयाकडे हळूहळू. समोरच्याला एकदम धक्का देऊ नये. एक शब्दसुद्धा कठोर नको. आईचं वय पाहता शेजारच्या काकूंना आधी बोलावून ठेवावं का? बायकोला फोन करून तिच्याजवळ बसवलं.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

आज खोलीत रेंज नव्हती. लॉजच्या काउंटरपाशी उभा राहून फोन केला.

आईने लगेच घेतला. म्हटलं, इथे फार उकाडा आहे. ती म्हणाली, बरं. म्हटलं, तुझे गुडघे कसे आहेत? म्हणाली, आहेत तसेच आहेत. मग मी म्हटलं, आई, दादा. आणि पुढचं येईना.

मग तिनेच म्हटलं, नाही ना?

म्हटलं, नाही.

मला वाटलं आता ती कोसळेल. ती म्हणाली, मला ठाऊक आहे रे. त्याच पावसाळ्यात माझ्या मनाला कळलं होतं. तेव्हाच सगळं रडून झालं माझं, तुझ्या बायकोच्या खांद्यावर. तू ऑफिसला गेलास की रडायचो आम्ही. तुझ्यापुढे कोणी नाव काढलं की तू आहे आहे करायचास, कोणी फोटो लावू म्हटलं की अंगावर धावायचास. किती दिवस घरात गप्प बसायचं माणसांनी? म्हटलं, माझं नाव सांगून पाठवते. माझ्यासाठी म्हटलं की जाशील.

मी म्हटलं, पण मी तुझ्यासाठीच आलो होतो.

ती म्हणाली, हो रे राजा. आता रड.

म्हटलं, इथे माणसं आहेत. मॅनेजर आहे. दोन गिऱ्हाइकं आहेत, बॅगा घेऊन उभी. ती म्हणाली, असू देत. मी फोन ठेवत नाही.

आणि ठेवला नाही. तिकडून तिचा श्वास ऐकू येत होता, मागे बायकोचाही. मी काउंटरवर डोकं टेकलं. किती वेळ गेला कळलं नाही. गिऱ्हाइकं थांबून राहिली, कोणी खोली मागितली नाही. मॅनेजरने मागून एक खुर्ची आणली, माझ्या गुडघ्यांना लावली आणि म्हणाला, बसा.